क्रोशात लोकर जोडणे आणि रंग बदलणे: गाठ मारायच्या आधी हे वाचा

माझ्या भाचीच्या बारशाला मी आयुष्यातलं पहिलं ब्लँकेट विणलं होतं. पिवळे, पांढरे आणि मोरपंखी पट्टे, सगळं मुक्या खांबात, अडीच महिने रात्री जागून. सगळ्यांनी हातात घेऊन वा वा केलं आणि मग एका मावशींनी ते उलटं करून बघितलं (प्रत्येक बारशाला अशी एक मावशी असतेच), काही न बोलता घडी घालून परत ठेवलं. उलट्या बाजूला काय होतं? गाठी. प्रत्येक पट्ट्याला एक गाठ आणि तिची अर्ध्या सेंटीमीटरची दोन टोकं, एका कडेने ओळीने, गोम चालल्यासारखी. तिसऱ्या धुण्यात त्यातल्या चार सुटल्या आणि एक पट्टा कडेने उसवायला लागला. बहिणीने फोटो पाठवला तेव्हा खरं तर रडू आलं.

नंतर व्हिडिओ बघून, उसवून, परत विणून आणि बऱ्याच लोकरीची वाट लावून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. तुम्हाला साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब येतात असं धरलंय, ते येत नसेल तर आधी एक साधा चौकोनी तुकडा विणून या, मग वाचा.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. आपल्या घरांत क्रोशाच्या आकड्यालाही सुईच म्हणतात, पण इथे शिवायची सुईसुद्धा लागणार आहे म्हणून मी आकड्याला हुक म्हणतेय आणि नेढं असलेल्या सुईला सुई. दुसरा घोळ जास्त महागात पडतो. अमेरिकन व्हिडिओत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्याच मुक्या खांबाला डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, त्याला ब्रिटिश लोक ट्रेबल म्हणतात. त्यामुळे पॅटर्न उघडला की आधी तो कुठला आहे ते बघा, नाहीतर ब्लँकेटच्या जागी पायपुसणं होतं.

काय काय लागेल

- तुमच्या लोकरीला चालेल तो हुक, साधारण चार पदरी लोकरीला ३.५ किंवा ४ मिमी
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई (लोकरीची सुई म्हणून मागा, तुळशीबागेसारख्या कुठल्याही बाजारात लोकरीच्या दुकानात मिळते)
- धारदार छोटी कात्री. भाजीची नाही. बोथट कात्रीने लोकर कापली की टोक पिंजून झाडूसारखं होतं आणि नेढ्यात जात नाही
- खुणेसाठी स्टिच मार्कर, नसेल तर सेफ्टी पिन
- कपड्यांचे चिमटे चारपाच, कशाला ते पुढे येईल
- मोजायची टेप
- पांढरा सुती रुमाल, जुना

१) दुकानातच अर्धं काम करून या

लेबलवर दोन नंबर असतात, शेड नंबर आणि लॉट नंबर. शेड म्हणजे रंग, लॉट म्हणजे कुठल्या घाण्यात रंगवली ती खेप. शेड तोच असला तरी लॉट वेगळा असेल तर रंगात बारीक फरक पडतो आणि तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली अजिबात दिसत नाही, घरी उन्हात ब्लँकेट पसरलं की मग तिथून पुढे सगळं जरा मळकट दिसतं. त्यामुळे लागेल त्यापेक्षा एक गोळा जास्त आणि एकाच लॉटचा घ्या, आणि लेबल फेकू नका. मी एका वहीत लेबल चिकटवते, शेजारी लोकरीचा तुकडा.

लॉट मिळालाच नाही तर? तर एकदम नवीन गोळ्यावर उडी मारू नका. जुन्या गोळ्याच्या दोन ओळी, नवीनच्या दोन ओळी, असं आठदहा ओळी आलटून पालटून करा आणि मग नवीनवर जा. फरक मिसळून जातो, डोळ्याला रेघ दिसत नाही.

गडद लाल, मरून, काळा किंवा गडद निळा सुती दोरा पांढऱ्याबरोबर वापरणार असाल तर विणायच्या आधी हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून रुमालात गुंडाळा, वर काहीतरी जड ठेवा, अर्ध्या तासाने उघडा. रुमालाला रंग लागला म्हणजे धुतल्यावर तुमच्या पांढऱ्यालाही लागणार. मीठ घाला, व्हिनेगर घाला असं सगळे सांगतात. मीसुद्धा घातलंय, सुती दोऱ्याचा रंग त्याने पक्का होत नाही. त्यापेक्षा गोळा उलगडून त्याची सैल लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि तरीही रंग जातच राहिला तर तो दोरा पांढऱ्यापासून लांब ठेवा, तोरणाला वापरा.

२) तुमच्या हातात नक्की कुठली लोकर आहे ते ओळखा

हे स्टेप म्हणून कोणी सांगत नाही आणि म्हणूनच सगळे फसतात. आपण सरसकट सगळ्याला लोकर म्हणतो पण बाजारातली बरीचशी लोकर म्हणजे अ‍ॅक्रिलिक, मेंढीचा त्यात काही संबंध नाही. कुठली जोडणी टिकेल हे त्यावरच ठरतं.

लेबल असेल तर वाचा. लेबल नसेल, आईच्या पेटीतून निघालेला गोळा असेल, तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक काळा मणी होतो. खरी मेंढीची लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांनी चुरडली जाते. सुती दोरा कागदासारखा जळतो. मुलांना लांब ठेवा आणि नळ चालू करायला हात मोकळा ठेवा, बाकी काही नाही.

अ‍ॅक्रिलिक जरा केसाळ असतं त्यामुळे आत ओवलेली टोकं धरून राहतात. चकचकीत मर्सराइज्ड सुती दोरा, ज्याचे आपण ताटावरचे रुमाल विणतो, तो गुळगुळीत असतो, त्यात ओवलेलं टोक सापासारखं सरकत बाहेर येतं. दोन्हीला एकच पद्धत लावली की एक टिकतं आणि दुसरं पहिल्या धुण्यात हात टेकतं.

३) गोळा कुठे संपतोय याचा अंदाज आधीच घ्या

ओळीच्या मधेच लोकर संपणं म्हणजे चढावर रिक्षा बंद पडणं. त्यासाठी एक फार सोपी युक्ती आहे. उरलेली लोकर बरोबर दुमडून मध्यावर एक सैल सरकगाठ मारून ठेवा. आता एक ओळ विणा. गाठ यायच्या आत ओळ संपली म्हणजे अजून एका ओळीपुरती लोकर आहे. गाठ मधेच आली तर गाठ सोडवा, ती ओळ पूर्ण करा आणि कडेला थांबा.

कडेला जोडायचं की मधे? बॉर्डर घालणार असाल तर कडेला, कारण टोकं बॉर्डरखाली जातात. बॉर्डर नसेल, शाल किंवा स्कार्फ असेल आणि कडा तशीच उघडी राहणार असेल तर मी कडेपासून पाचसहा टाके आत जोडते, उघड्या कडेवर जाडसर गाठोडं फार दिसतं.

आणि कंपनीतूनच गोळ्याच्या आत गाठ आली तर ती विणून टाकू नका. मलाही वाटायचं एवढीशी गाठ, जाऊ दे. ती हमखास सुलट बाजूला डोकं वर काढते. तिथे कापा आणि नवीन गोळा असल्यासारखं जोडा.

४) मुख्य गोष्ट: रंग एक टाका आधी बदलायचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

नवशिके काय करतात, निळ्याचा शेवटचा टाका निळ्याने पूर्ण करतात आणि मग पांढरा हातात घेतात. मग पहिल्या पांढऱ्या टाक्याच्या डोक्यावर निळा ठिपका बसतो. तुम्ही म्हणता माझा हात सैल आहे, माझा हुक मोठा आहे. हातात काही दोष नसतो. टाका पूर्ण झाल्यावर हुकवर जो लूप उरतो तो त्या टाक्याचा नसतोच, तो पुढच्या टाक्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून पुढचा टाका पांढरा हवा असेल तर हुकवर उरणारा लूप आधीच पांढरा पाहिजे.

म्हणजे जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्यातला शेवटचा ओढा नवीन रंगाने घ्यायचा.

मुक्या खांबात: हुक टाक्यात घाला, लूप बाहेर काढा, हुकवर आता दोन लूप आहेत. इथे थांबा. जुना रंग मागे सोडा, नवीन रंग हुकवर घ्या, दोन्ही लुपातून ओढा.

अर्ध्या खांबात: हुकवर तीन लूप असतात तेव्हा थांबा, नवीन रंगाने तिन्हीतून ओढा.

खांबात: एकदा दोन लुपातून जुन्याच रंगाने काढा, उरलेल्या दोन लुपांवर थांबा, ते नवीन रंगाने काढा. दुहेरी खांब असला तरी नियम तोच, शेवटचे दोन लूप नव्याचे.

ओढल्यावर दोन्ही टोकं हलकेच ताणा, म्हणजे टाका बाकीच्यांएवढा होईल. नवीन रंगाचं टोक सुरुवातीला निसटतं, ते डाव्या हाताच्या दोन बोटांत दोनतीन टाके धरून ठेवा. आणि टोक किती ठेवायचं? १५ सेंटीमीटर. तळहाताच्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जवळपास तेवढं होतं. लोकर वाया जाते म्हणून काटकसर करू नका, माझ्या ब्लँकेटचा सगळा घात त्या काटकसरीनेच केला.

ओळीच्या शेवटी रंग बदलताना वळायच्या आधीच बदला, म्हणजे वर चढायच्या साखळ्या नव्या रंगाच्या होतात. वळल्यावर बदललात तर कडेला जुन्या रंगाची एक शिडी दिसते.

आता एक जुना तुकडा घ्या आणि हे दहा वेळा करा. खरंच दहा वेळा. त्याशिवाय पुढे जाऊ नका.

५) जोडायच्या पद्धती, आणि कुठली कधी

वर सांगितलेली पद्धत, म्हणजे शेवटचा ओढा नव्याने आणि दोन्ही टोकं नंतर सुईने ओवणं, ही सगळ्याला चालते. माझं नव्वद टक्के काम मी तशीच करते. पण टोकं ओवायचा कंटाळा सगळ्यांना असतो म्हणून बाकीच्याही सांगते.

*रशियन जॉइंट.* दोन्ही लोकरींची टोकं एकमेकांत अडकवून प्रत्येक टोक परत स्वतःच्याच पिळात ओवायचं. करायचं असं: जुन्या लोकरीचं टोक सुईत ओवा, १० सेंटीमीटर मागे दुमडा आणि सुई त्याच लोकरीच्या पदरांच्या मधून ५ सेंटीमीटर घाला, मोज्यात नाडी घालावी तशी. टोकाला छोटा फासा राहील. नवीन लोकर त्या फाशातून घ्या, दुमडा, तिचंही तसंच करा. दोन्हीकडून ओढा, फासे बंद होतात, उरलेलं कापा. गाठ नाही, टोक नाही. फक्त तेवढ्या भागात लोकर दुप्पट जाड होते, त्यामुळे जाड लोकरीत कळतं. चार पदरी अ‍ॅक्रिलिकला छान. ज्या लोकरीला पीळच नाही तिला जमत नाही.

याने रंगही बदलता येतो पण बदल नेमका कुठे पडणार ते आधी ठरवावं लागतं. त्यासाठी जिथे रंग बदलायचा त्या टाक्यापर्यंत जुन्याने विणा, हुकजवळ लोकरीला मार्कर लावा, सहासात टाके उसवा, मार्करच्या जागी जॉइंट करा आणि परत विणा. बदल त्याच टाक्यावर येतो. पहिल्या वेळी अर्धा टाका इकडेतिकडे होईल, होऊ दे.

*मॅजिक नॉट.* दोन टोकं समोरासमोर, एकमेकांना समांतर ठेवा. पहिल्या टोकाने दुसऱ्या लोकरीभोवती साधी गाठ मारा. दुसऱ्या टोकाने पहिल्या लोकरीभोवती साधी गाठ मारा. दोन्ही लांब बाजू ओढा, गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात आणि घट्ट बसतात. जोरात झटका देऊन बघा, सुटली नाही तर टोकं दोनतीन मिलिमीटर ठेवून कापा. व्हिडिओत ही जादूसारखी दिसते आणि सगळ्यांना आवडते. माझं मत विचाराल तर केसाळ अ‍ॅक्रिलिकच्या पिशवीला, कुशनला ठीक. चकचकीत सुती दोऱ्याला नको, तिथे ती घसरते. बाळाच्या टोपड्याला, कुंचीला, मोज्यांना अजिबात नको, गाठ कातडीला टोचते आणि बाळ सांगू शकत नाही.

*भिजवून चोळून जोडणे.* यात दोन्ही टोकांचे पदर थोडे सोडवून, पातळ करून, ओलं करून (परदेशात थुंकी लावतात, आपण पाणी लावू) एकमेकांवर ठेवून तळहातांत जोरात चोळायचं, उष्णतेने आणि घासण्याने तंतू एकमेकांत गुंततात. पण हे फक्त खऱ्या मेंढीच्या लोकरीत होतं, आणि तिच्यावरही सुपरवॉश लिहिलेलं नसेल तरच, कारण ती मुद्दाम अशी केलेली असते की धुताना गुंतू नये. अ‍ॅक्रिलिक आणि सुती दोरा जन्मभर चोळलात तरी जुडणार नाहीत. मी एक पूर्ण संध्याकाळ अ‍ॅक्रिलिक चोळत बसले होते, नवऱ्याने विचारलं तंबाखू मळतेस का.

६) पट्टे: प्रत्येक वेळी कापायची गरज नाही

दोन रंगांचे दोन दोन ओळींचे पट्टे असतील तर लोकर कापूच नका. निळ्याच्या दोन ओळी झाल्या की तुम्ही परत त्याच कडेला येता, तिथे निळा सोडायचा, पांढऱ्याने दोन ओळी करून परत आलात की निळा तिथेच वाट बघत असतो. तो कडेने वर उचला आणि शेवटचा ओढा त्याने घ्या.

दोन सापळे आहेत. एक, ओळी सम संख्येत पाहिजेत. एक एक किंवा तीन तीन ओळींचे पट्टे केले तर ज्या कडेला तुम्ही आहात त्याच्या उलट कडेला तुमचा रंग बसलेला असतो. दोन, वर उचलताना लोकर ओढू नका. कडेला सैल ठेवा, नाहीतर ती बाजू आखडते आणि ब्लँकेट केळ्यासारखं वाकडं होतं. मी प्रत्येक वेळी कापड थोडं ताणून बघते की कड मोकळी राहते ना.

पट्टा चार ओळींपेक्षा जास्त असेल तर सरळ कापा. लांब दोरा कडेने लोंबत राहिला की लहान मुलांची बोटं अडकतात.

७) गोल कामात रंग बदलणे

यात दोन प्रकार आहेत आणि दोघांचा त्रास वेगळा.

प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने (हुक टाक्यात घालून लोकर टाक्यातून आणि हुकवरच्या लुपातून एकाच ओढ्यात काढायची) बंद करून विणत असाल, म्हणजे टोपी, थालपोस, ग्रॅनी स्क्वेअर (मधून सुरू करून फेऱ्यांनी वाढवायचा चौकोन), तर शेवटचा टाका जुन्याने पूर्ण करा, हुक फेरीच्या पहिल्या टाक्यात घाला आणि स्लिप स्टिचचा ओढा नव्या रंगाने घ्या. मग साखळी वर. चालतं, पण शिवण थोडी दिसते.

त्याहून सुबक हवं असेल तर फेरी बंदच करू नका. शेवटचा टाका झाला की १५ सेंटीमीटर ठेवून लोकर कापा आणि तो लूप ओढून टोक बाहेर काढा. टोक सुईत ओवा, फेरीच्या पहिल्या टाक्याच्या पुढच्या टाक्याच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून न्या, आणि परत शेवटच्या टाक्याच्या डोक्यात, जिथून टोक निघालं होतं तिथे, वरून खाली घाला. ओढून बाकी टाक्यांएवढं करा. खोटा टाका तयार होतो आणि फेरी कुठे संपली ते तुमचं तुम्हालाच सापडत नाही. (हा खोटा टाका पहिल्या टाक्याच्या डोक्यावर बसतो, म्हणून मोजणी बिघडत नाही.)

मग नवीन रंग दुसऱ्याच जागी सुरू करा. ग्रॅनी स्क्वेअरला प्रत्येक फेरी वेगळ्या कोपऱ्यातून, नाहीतर एकाच कोपऱ्यात सगळी टोकं जमून तो कोपरा फुगतो. सुरुवातीला तीन साखळ्यांऐवजी उभा खांब करा: हुकवर सरकगाठीचा लूप घ्या, तो बोटाने दाबून धरा, वेढा घ्या, हुक कापडात घाला आणि नेहमीचा खांब पूर्ण करा. तीन साखळ्यांचा खांब बाकी खांबांपेक्षा बारीक दिसतो आणि त्याच्या बाजूला फट पडते, याने दोन्ही टळतं. पहिल्या दोनतीन वेळा लूप हुकभोवती गरगर फिरतो आणि चिडचिड होते, नंतर बोटाला सवय होते.

दुसरा प्रकार म्हणजे फेरी बंद न करता स्प्रिंगसारखं सलग विणणं, बाहुल्या आणि खेळण्यांना करतात तसं. यात एक फेरी संपते तिथे दुसरी तिच्या डोक्यावर चढलेली असते, त्यामुळे पट्ट्यांना तिथे पायरी पडतेच. ती पूर्ण घालवता येत नाही, कमी करता येते. नव्या रंगाचा पहिला टाका मुक्या खांबाऐवजी सैल स्लिप स्टिच करा, बाकी फेरी नेहमीसारखी, आणि पुढच्या फेरीत त्या स्लिप स्टिचमध्ये साधा मुका खांब घाला. पायरी अर्धी होते. आणि ती जागा बाहुलीच्या पाठीमागे ठेवा, पोटावर नाही.

८) चित्र विणायचं असेल तर

एकाच ओळीत दोनतीन रंग सारखे येत असतील तर जो रंग वापरात नाही तो ओळीच्या डोक्यावर आडवा ठेवून त्यावरून मुके खांब विणत जायचं, तो आत लपून जातो. पण पांढऱ्याच्या आत काळा लपत नाही, राखाडी झाक दिसते. शिवाय आतला धागा ओढला गेला की कापड आखडतं, दर दहाबारा टाक्यांनी हाताने ताणून सरळ करा.

रंग मोठ्या सलग भागात असेल, समजा निळ्या कापडावर मधे एक मोठं पिवळं फूल, तर आतून नेऊ नका. प्रत्येक भागाला वेगळा छोटा गोळा करा आणि तो कपड्याच्या चिमट्यावर गुंडाळा, टोक चिमट्यात धरून ठेवता येतं, लोंबला तरी उलगडत नाही. चिमटे यासाठी आणायला सांगितले होते. रंग बदलताना सोडलेला रंग नेहमी उलट्या बाजूला ठेवायचा, म्हणजे वळून परत येताना तो तुमच्याकडे, पुढे घ्यावा लागतो. हे विसरलात की फुलावर आडवे धागे दिसतात आणि ते नंतर लपवता येत नाहीत.

९) टोकं ओवणे

कंटाळवाणं काम आहे, त्यात दुमत नाही. २०१६ मध्ये चेन्नईत अनेक बायकांनी मिळून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज रेकॉर्ड केलं, ते वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला की त्याची टोकं कोणी ओवली असतील बाई.

काम पूर्ण झाल्यावर ओवू म्हणून साठवू नका, दर दहा ओळींनी ओवत जा.

टोक सुईत घ्या. उलट्या बाजूने, त्याच रंगाच्या टाक्यांमधून, पाच सेंटीमीटर एका दिशेला न्या. मग शेवटचा एक धागा सोडून त्याच वाटेने उलटं परत या. तो एक धागा सोडायचा असतो, नाहीतर टोक आलं तसं निघून जातं. मग तिसऱ्यांदा वर किंवा खाली, दिशा बदलून. तीन दिशा झाल्या की कापड चारी बाजूंनी ताणा, टोक थोडं आत जाईल, मग एक सेंटीमीटर ठेवून कापा. ताणायच्या आधी कापलं तर नंतर ताण पडल्यावर ते टोक सुलट बाजूला डोकावतं.

चकचकीत सुती दोऱ्याला सुई टाक्यांच्या खालून नेण्यापेक्षा टाक्याचे पदर भेदून मधून न्या, धरून राहतं. तिथे टोक २० सेंटीमीटर ठेवलं तरी चालेल.

विणता विणताच टोकावरून टाके घालून ते लपवायची सोय आहे आणि मीही करते, पण फक्त मुक्या खांबात आणि पाचसहा टाकेच, मग उरलेलं सुईने उलटं परत. नुसतं एका दिशेने लपवलेलं टोक धुण्यात सरकतं. खांबाच्या जाळीदार कामात तर ते फटींतून दिसतंच.

१०) धुणं

टोकं एकदम कापडाला लागून कापू नका. एक सेंटीमीटर ठेवा, एकदा कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा. वाळल्यावर टाके आपापल्या जागी बसलेले असतात, तेव्हा ते एक सेंटीमीटर कापा. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, वाफेची पण नाही, ते चपटं होऊन चमकायला लागतं आणि परत कधी फुगत नाही. माझ्याकडे तसा एक स्कार्फ आहे, प्लास्टिकच्या टेबलक्लॉथसारखा. त्याचा उपयोग आता फिश टँकखाली होतो.

भाचीचं ब्लँकेट परत आणलं होतं. सगळ्या गाठी सोडवायला टोकं पुरत नव्हती, म्हणून प्रत्येक टोकाला नवीन तुकडा रशियन जॉइंटने लावून मग ओवला, चार रविवार गेले. दोन ठिकाणी पिवळ्याचा लॉट वेगळा लागलाय, ते अजून दिसतं.